काढून टाकलेला वायू परत आला तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण जे. जे. थॉमसन यांच्या धनकिरणांपाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ. 1919 साली केंब्रिजला त्यांचे सहकारी अ‍ॅस्टन यांनी वस्तुमान मोजणारं नवं यंत्र उभं केलं. फोटोच्या काचेवर प्रत्येक वस्तुमानाची एकेक बारीक रेघ उमटायची. पण मधूनच धूसर पट्टेही दिसत, आणि त्यांची जागा कुठल्याच वस्तुमानाशी जुळत नसे. रेणूंचे आयन वाटेतच फुटत होते, त्यांचे हे तुकडे. नळीत उरलेल्या वायूवर आयन आदळला की तो फुटे. मग करायचं काय? पंप आणखी चांगला लावायचा आणि तो वायू काढून टाकायचा!

1945 मध्ये हिपल आणि काँडन यांनी दाखवलं, की काही आयन कुणाला न धडकताही आपणहून फुटतात. मग दोन्ही प्रकार वेगळे ओळखायचे कसे? वायूचा दाब वाढवला आणि तुकडे वाढले, तर ती टक्कर. सोपी कसोटी आहे, पण आम्हाला फार आवडते.

1968 मध्ये जेनिंग्ज यांनी, आणि स्वतंत्रपणे हॅडन व मॅक्लॅफर्टी यांनी, तो नकोसा वायू मुद्दाम आत सोडला. कारण तुकड्यांवरून मूळ रेणूची रचना कळते. हे आयन हजारो व्होल्टनी पळवलेले होते. 1978 मध्ये योस्ट आणि एन्के यांनी तेच काम अगदी मंद आयनांवर करून दाखवलं, तेव्हा इतक्या कमी ऊर्जेत रेणू फुटेल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता.

शंका रास्त होती. ट्रक सायकलला धडकला तर ट्रकला काय कळणार? फिनिलअ‍ॅलनिनचा आयन 166 वस्तुमानाचा. त्याला 20 इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिले आणि तो हेलियमवर आदळला, तर एका टकरीत फोडायला जेमतेम 0.5 मिळतात. आर्गॉन दहापट जड, तिथे मिळतात जवळजवळ 4. बाकीची ऊर्जा दोघांच्या एकत्रित धावण्यातच राहते. पण टकरी एकामागून एक होत जातात, आणि काम भागतं.

हा आयन फुटताना 46 गमावतो, 120 उरतो. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबात हीच जोडी शोधतात. फिनिलअ‍ॅलनिन जास्त निघालं तर फिनिलकीटोन्यूरियाचा संशय येतो. पहिल्या काही दिवसांतच आहार बदलला, तर त्या बाळाचा मेंदू वाचतो.