साथरोग आणि कारखानदारी : आकुर्डीच्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास

महासाथीचा फटका अर्थव्यवस्थेला तीन वाटांनी बसतो. माणसे कामावर येऊ शकत नाहीत, माल जागचा हलत नाही आणि उद्याच्या धास्तीने पैसेवाले हात आखडता घेतात. या तिन्हींवर सरकार काय उपाय करते आणि त्याचा भार कोणावर टाकते, त्यावरून पुढचे राजकारण ठरते. पुण्याजवळच्या आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, भोसरी आणि चाकण या पट्ट्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या वाटा स्पष्ट दिसतात. १८९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० ची कोव्हिड महासाथ या तिन्ही साथींनी येथील व आसपासच्या माणसांचे आयुष्य बदलले. शेवटच्या साथीच्या वेळी हा परिसर देशातल्या मोठ्या वाहनउद्योग केंद्रांपैकी एक होता. त्यामुळे जागतिक बाजारातला प्रत्येक हादरा येथे थेट जाणवला.

प्लेग आणि चिंचवड

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. कापडगिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. मालक एकमेकांचे मजूर पळवू लागले आणि महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ आली. युरोपातल्या देशांनी भारतातून येणाऱ्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध घातले. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेचा मुख्य विषय हाच होता. साथीमुळे देशाच्या व्यापाराची कोंडी होते, हे तेव्हाच अनुभवाला आले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग आटोक्यात आणण्याचे काम वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे आले आणि घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमले गेले. देवघरापर्यंत शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करणे या प्रकारांनी शहर संतापले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २२ जून रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे, म्हणजे आकुर्डीच्या शेजारगावचे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिन्ही भावांना फाशी झाली. याच काळातल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. साथीचा बंदोबस्त जुलमाने केला तर तो राजकीय प्रश्न बनतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले. ते ज्या कायद्याखाली घडले, तोच कायदा १२३ वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

१९१८ ची साथ

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, जून १९१८ मध्ये, मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला आणि रेल्वेमार्गांनी पसरला. भारतात त्यात किती माणसे दगावली याचे अंदाज एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाखांच्या दरम्यान आहेत. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख बळी गेले. त्याच वर्षी पाऊस हुकला. शेतात राबणारे तरुण हात गेले, धान्य महागले आणि जगलेल्यांची मजुरी महागाईला पुरेना. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या घटली, आणि त्यामागे ही साथ होती. पुणे-मुंबई मार्गावरची आकुर्डी तेव्हा शेतीवर जगणारे गाव होते. गिरण्यांच्या शहराइतका रोखीचा व्यवहार येथे नव्हता, पण मजुरीसाठी मुंबई गाठणाऱ्या मावळच्या माणसांमुळे दोन्ही ठिकाणांची नाळ जुळलेली होती.

औद्योगिक पट्ट्याची जडणघडण

या पट्ट्यातल्या आधुनिक उद्योगाची सुरुवातही रोगांशी लढण्याच्या गरजेतून झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाल्यावर बजाज ऑटोने साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकुर्डीत कारखाना उभारला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये ती महानगरपालिका बनली. १९७२ पासून आकुर्डीतून चेतक स्कूटर बाहेर पडू लागली. पुढे बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखाने चाकणला आले. आकुर्डीतले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले, कंपनीचे मुख्यालय मात्र तेथेच राहिले.

मोठ्या कारखान्यांभोवती भोसरी, चिंचवड आणि तळवडे येथे हजारो लघुउद्योग वाढले. त्यांतला एखादा उद्योजक भाड्याच्या गाळ्यात दोन-तीन सीएनसी मशिने लावून एकच सुटा भाग तयार करतो. कच्चा माल आधी घ्यायचा, जॉबवर्क करायचे, माल पाठवायचा आणि बिलाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळण्याची वाट पाहायची, अशी त्याची रीत. कायद्याने पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत, प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा कमीत कमी ठेवतात. माल वेळेवर पोचत राहिला तर ही पद्धत स्वस्त पडते. पण साखळीतली एक कडी तुटली की सगळी साखळीच थांबते.

मार्च २०२०

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोव्हिड रुग्ण आढळले आणि त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. त्याच दिवशी शेअर बाजाराला लोअर सर्किट लागले आणि ४५ मिनिटे व्यवहार थांबले. २३ मार्चला हे पुन्हा घडले. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर आला. परदेशी गुंतवणूकदार जगभर जोखमीच्या बाजारांतून पैसा काढून घेत होते आणि भारत त्यातून सुटला नाही. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली.

बाजाराला वाटलेली भीती आकुर्डीच्या पत्त्यावर नोंदलेल्या एका कंपनीच्या भावात जवळून पाहता येते. बजाज फायनान्सचे नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीतल्या बजाज ऑटोच्या आवारात आहे. दुचाकी, टीव्ही, मोबाईल अशा वस्तूंसाठी हप्त्याने कर्ज देणारी ही कंपनी. तिचा शेअर फेब्रुवारी २०२० मध्ये ४,९०० रुपयांच्या आसपास होता, मेअखेरीस तो दोन हजारांच्या खाली आला. ज्याचा पगारच थांबला आहे तो हप्ता कसा भरणार, ही शंका त्यामागे होती. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला आणि कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. पुढे ही सवलत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये हाच शेअर पाच हजारांवर गेला होता.

वाहनउद्योगासाठी वेळ विशेष वाईट होती. १ एप्रिलपासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू होणार होते आणि वितरकांकडे जुन्या निकषांच्या गाड्या पडून होत्या. एप्रिल २०२० मध्ये बजाज ऑटोची देशांतर्गत विक्री शून्य होती. निर्यातीमुळे कंपनीला थोडा आधार मिळाला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन, तेव्हाच्या आकडेवारीनुसार, २३.९ टक्क्यांनी घटले.

गाळे, खोल्या आणि रेल्वेगाड्या

टाळेबंदीत सर्वांत आधी कोलमडला तो ठेक्यावरचा कामगार. आकुर्डी, भोसरी आणि चाकणच्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहणाऱ्या तरुणांत मराठवाडा-विदर्भातले होते तसेच उत्तर प्रदेश-बिहारचेही. काम बंद, मेस बंद आणि खोलीचे भाडे मात्र चालू. केंद्राने २९ मार्चला पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला. तो मे महिन्यात मागे घेण्यात आला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटीने तोडगा काढावा असे सांगितले. ठेकेदारामार्फत लागलेल्याचे नाव अनेकदा कोणाच्याच हजेरीपटावर नसे, त्यामुळे त्याच्यापर्यंत हा वाद पोचलाच नाही. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि कामगार गावाकडे निघाले. मेच्या उत्तरार्धात पिंपरी-चिंचवड रेड झोनमधून वगळले गेले, तेव्हा मशिने तयार होती पण चालवणारे हात दूर गेले होते. १८९७ च्या गिरणीमालकांसारखीच अडचण पुन्हा उभी राहिली.

लघुउद्योगांसाठी केंद्राने तीन लाख कोटी रुपयांची तारणाविना कर्जाची हमी योजना आणली. फेडायच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के इतके जादा कर्ज त्यातून मिळत असे. ज्याचे बँकेत आधीपासून खाते चालू होते त्याला ही योजना उपयोगी पडली. पाहुण्यारावळ्यांकडून किंवा भिशीतून भांडवल उभारणाऱ्या गाळेवाल्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, त्यामुळे त्याच्या वाट्याला काहीच आले नाही. शिवाय मिळाले ते कर्ज होते, बुडालेल्या धंद्याची भरपाई नव्हती. जुलैमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली आणि घडी बसू पाहणारे वेळापत्रक पुन्हा विस्कटले.

सत्ता आणि निर्णय

राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार असलेला कर आटला. ४ मे २०२० रोजी राज्याने विकासखर्च ३३ टक्क्यांपुरता मर्यादित केला आणि नवी नोकरभरती थांबवली. सप्टेंबरपासून घरखरेदीवरचे मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी कमी केले, त्यामुळे बांधकाम व्यवसायाला गती आली. साथीने सरकारचे अस्तित्वही टांगणीला लावले होते. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना २७ मेपूर्वी विधिमंडळाचे सदस्य होणे भाग होते आणि विधान परिषदेची निवडणूक लांबली होती. अखेर ती जाहीर झाली आणि ते बिनविरोध निवडून आले.

टाळेबंदीवर उद्योगातून झालेल्या जाहीर टीकेतला एक आवाज आकुर्डीचाच होता. बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जून २०२० मध्ये राहुल गांधी यांच्याशी झालेल्या संवादात, अतिकठोर टाळेबंदीने साथीऐवजी अर्थव्यवस्थाच सपाट केली, अशी मांडणी केली. आरोग्याच्या बाजूने उत्तर असे होते की रुग्णालयांना तयारीसाठी वेळ हवा होता. तो वेळ येथे वापरलाही गेला. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले आणि उद्योगांसाठी बांधलेल्या चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये कोव्हिड रुग्णालय सुरू झाले. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाने पहिल्या दिवसापासून भार उचलला.

दुसरी लाट : प्राणवायूची टंचाई

एप्रिल २०२१ मध्ये उद्योग आणि उपचार यांची गाठ एकाच सिलिंडरवर पडली. गॅस कटिंग आणि फॅब्रिकेशनच्या कामाला लागणारा ऑक्सिजन रुग्णांसाठी हवा होता. केंद्राने २२ एप्रिलपासून, काही अत्यावश्यक उद्योग वगळता, औद्योगिक वापराचा ऑक्सिजन बंद केला. भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत पत्रे तसेच पडून राहिले. निर्णय योग्यच होता, कारण पलीकडे माणसांचे श्वास होते. पण त्याचा खर्च वाटून घेण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. ज्याच्या कामाला ऑक्सिजन लागे त्याच्याच खिशातून तो गेला.

त्याच काळात जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला आणि जहाजांचे कंटेनर महागले. बजाजने जानेवारी २०२० मध्ये बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक चेतकची नोंदणी एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडली, ती ४८ तासांत बंद करावी लागली. मागणी होती, पुरवठा नव्हता.

कोण केव्हा सावरले

सावरण्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शेअर बाजार काही महिन्यांतच उभा राहिला आणि २१ जानेवारी २०२१ रोजी सेन्सेक्सने ५० हजारांची पातळी ओलांडली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला बजाज ऑटोचे बाजारमूल्य एक लाख कोटींवर गेले होते. मोठे कारखाने त्यानंतर पूर्ण क्षमतेकडे वळले. लघुउद्योग पोलाद महागल्याने आणि कर्जाचे हप्ते सुरू झाल्याने मागे राहिले. ठेका कामगार सर्वांत शेवटी परतला. त्याचे बुडालेले महिने कोणी भरून दिले नाहीत. स्वस्त पैसा बाजारात लगेच पोचतो, गाळ्यात उशिरा पोचतो आणि खोलीत अनेकदा पोचतच नाही. म्हणून एकट्या निर्देशांकावरून साथीचे नुकसान मोजता येत नाही.

साथीने वारीची रीतही मोडली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तुकोबांच्या पादुका पायी पालखीऐवजी एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वाटेवरचा आकुर्डीचा मुक्काम चुकला. जून २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. त्याच महिन्यात, १० जूनला, बजाज ऑटोचे दिवंगत माजी अध्यक्ष राहुल बजाज यांच्या जयंतीदिनी आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. मुख्यालयाच्या या गावात पंधरा वर्षांनी पुन्हा वाहने बनू लागली. राजकीय घडी बसायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि, आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत निवडणूक अडकल्याने, शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. १८९७ मध्ये साथीच्या बंदोबस्तात लोकांना विचारात घेतले नाही म्हणून संताप पेटला होता. पुढच्या साथीआधी गाळेवाला आणि ठेका कामगार या दोघांची नोंद, त्यांच्यासाठी राखून ठेवलेला निधी आणि त्यांचे म्हणणे मांडणारे निवडून आलेले प्रतिनिधी असणे, ही या पट्ट्याने तीन साथींतून शिकलेली गरज आहे.