पेठेतले मराठे, छावणीतले तमिळ

बंगळूर शहराला जुन्या काळापासून दोन मोठी रेल्वेस्टेशने आहेत. मद्रासकडून जोलारपेटमार्गे येणारी गाडी १८६४ साली प्रथम येऊन थांबली ती लष्करी वस्तीच्या स्टेशनावर. मूळ शहराला स्वतःचे स्टेशन मिळावयास त्यानंतर पंधरा-सतरा वर्षे जावी लागली. बाजार दोन होते, नगरपालिका दोन होत्या, आणि १८८१ ते १९४७ या काळात तर राज्येही दोन होती. पश्चिमेस केंपेगौडाने १५३७ साली वसविलेली पेठ, तिच्यावर म्हैसूरच्या महाराजांचा अंमल. पूर्वेस इंग्रजांची छावणी, तिच्यावर रेसिडेंटामार्फत हिंदुस्थान सरकारचा अंमल. मध्ये कब्बन पार्कची हिरवळ पसरलेली. पेठेतला कानडी माणूस पूर्वेकडच्या वस्तीला ‘दंडु’ म्हणे. दंडु म्हणजे फौज.

या दोन बंगळुरांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले दोन समाज एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पेठेत मराठे आले, छावणीत तमिळ आले. दोघेही फौजेच्या मागोमाग आले, म्हणजे येण्याचे निमित्त एकच. मात्र येथे आल्यावर त्यांच्या नशिबी आलेले दिवस इतके भिन्न आहेत की त्याचे कारण शोधावेसे वाटते.

मराठ्यांचा प्रवेश १६३८ सालचा. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने शहाजीराजांना बरोबर घेऊन बंगळूर जिंकले. केंपेगौडाच्या वंशजाला मागडीस जावे लागले, आणि बंगळूर, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. राजांचा मुक्काम बंगळुरास होता. त्यांच्या दरबारचे वैभव जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’मुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले, हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. तथापि दरबारी कवींपेक्षाही या इतिहासात महत्त्वाचे ठरले ते कारकून. शहाजीराजांबरोबर देशपांडे, देशकुलकर्णी ही वतने आणि त्यांच्यामागची सगळी हिशेबपद्धती कानडी मुलखात आली. राजे १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत पडून निवर्तले. त्यांच्यामागे व्यंकोजीराजांनी १६६९ साली मल्लेश्वराच्या देवस्थानास एक गाव दान दिल्याचा शिलालेख आजही त्या मंदिराशी आहे. पुढे १६७५च्या सुमारास व्यंकोजी तंजावरास गेले, १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले, आणि थोड्याच काळात तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवरायाच्या हाती गेले.

म्हणजे मराठ्यांचे राज्य बंगळुरात उणेपुरे अर्धशतक टिकले. राज्य गेले तरी माणसे परतली नाहीत. स्वार होते ते नव्या धन्याच्या चाकरीत शिरले, लेखणीवाले तर अधिकच घट्ट बसले. टिपू सुलतानाच्या दफ्तरात फारशीच्या जोडीने कानडी आणि मराठी हिशेब चालत. त्याचा दिवाण पूर्णय्या हा देशस्थ घराण्यातला. हैदर, टिपू आणि १७९९ नंतर वोडेयर अशा तीन राजवटींचा कारभार त्याने वाहिला. इंग्रजांनी १८३१ साली म्हैसूरचा कारभार आपल्याकडे घेतला तेव्हाही मराठी जाणणाऱ्या अंमलदारांवाचून त्यांचे चालत नव्हते. याचे टोक गाठले गेले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०१ ते १९१२ या काळात म्हैसूरला लागोपाठ तीन दिवाण लाभले: पूर्णय्याचे वंशज पी. एन. कृष्णमूर्ती, कुंभकोणमचे विश्वनाथ पाटणकर माधवराव आणि राजा सर टी. माधवरावांचे चिरंजीव आनंदराव. तिघेही देशस्थ. यांतील दोघे मात्र तंजावरच्या बाजूचे, म्हणजे मद्रास इलाख्यात इंग्रजी शिकून आलेले. मूळच्या म्हैसूरकरांना हे ‘मद्रासी’ अधिकारी डोळ्यांत खुपत. त्या नाराजीत अय्यर-अय्यंगारांबरोबर तंजावरी मराठेही मोजले जात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या तीन दिवाणांच्या वैभवावरून पेठेतल्या सर्व मराठी माणसांची स्थिती ठरविणे मोठी चूक होईल. दिवाण बोटांवर मोजण्याइतके; बाकीचा समाज शेतकरी, शिपाई, शिंपी आणि रंगारी. दक्षिणेत ज्यांना ‘आरे’ म्हणत, त्या मराठा कुटुंबांच्या पूर्वजांना तलवारीच्या जोरावर भाकरी मिळाली होती. म्हैसूरचे शिलेदार घोडदळ १८०३ साली वेलस्लीच्या बरोबरीने शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध लढावयास गेले होते. इमान मुलखाशी न राहता मिठाशी राहत असे, हे त्या काळाला धरूनच होते. पुढे घोडदळाचे महत्त्व ओसरले, तशी ही कुटुंबे लहानशा शेतीवर, पोलिसात आणि किरकोळ नोकऱ्यांत विसावली. भावसार आणि नामदेव समाजाच्या हाती सुई आणि रंगाची कढई होती, त्यांनी बाजारपेठेच्या आधाराने आपले बस्तान बसविले. श्रीमंती यांपैकी फारच थोड्यांच्या घरी आली. गविपूरच्या गोसाई मठासारखे एखादे स्थान समाजाला धरून राहिले. घरात मराठी उरली, पण ती कानडी प्रत्ययांनी वेढलेली. मोडी विसरली गेली, आणि मुले कानडी शाळेत जाऊ लागली.

तमिळांची कहाणी १८०९ साली सुरू होते. श्रीरंगपट्टणची हवा गोऱ्या फौजेला मानवेना, म्हणून इंग्रजांनी छावणी बंगळुरास हलविली आणि हलसूरच्या परिसरात तळ दिला. ही फौज मद्रास इलाख्याची होती. तिच्यामागून अर्काट, वेल्लूर, तंजावर या भागांतून शिपाई, गवंडी, धोबी, आचारी, गवत कापणारे, पाणके, दुकानदार आणि गोऱ्या साहेबांच्या घरचे बटलर आले. मराठ्यांना या शहरात पहिल्यांदा जे मिळाले ते वतन होते. तमिळांना मिळाली ती मजुरी. मराठा कारकुनाला जमिनीचे उत्पन्न ठाऊक होते, तमिळ मजुराला आठवड्याची रोकड ठाऊक होती. दोन समाजांच्या पुढच्या वाटचालीतला बराचसा फरक या एका गोष्टीतून निघाला.

वतन माणसाला मान देते आणि एका जागी बांधून ठेवते. मजुरी मान देत नाही, पण हात मोकळे ठेवते. रोकडीच्या या जगात एका पिढीत कोठल्या कोठे जाता येत असे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे अर्काट नारायणस्वामी मुदलियार. १८२७ साली जन्मलेला हा गृहस्थ गरिबीतून वर आला आणि छावणीतील मोठा कंत्राटदार झाला. म्हैसूर सरकारच्या अठरा खात्यांसाठी कब्बन पार्कच्या कडेला ‘अठारा कचेरी’ ही लाल इमारत १८६८ साली पुरी झाली, तिचे कंत्राट याच मुदलियारांकडे होते. आज तेथे उच्च न्यायालय भरते. ज्या सरकारच्या दफ्तरांत देशस्थांच्या पिढ्या घडल्या, त्या दफ्तरांना छप्पर दिले तमिळ कंत्राटदाराने. मुदलियारांनी १८७३ साली शाळा काढली आणि मिळविलेल्या संपत्तीतून शिक्षणाचा मोठा धर्मादाय उभा केला. कारकुनीच्या परंपरेत वाढलेल्या मराठी समाजाकडून बंगळुरात या तोडीची शिक्षणसंस्था त्या काळी उभी राहिली नाही, हे कबूल करणे भाग आहे.

अर्थात छावणीतला प्रत्येक तमिळ मुदलियार नव्हता. साहेबांच्या बंगल्यांमागच्या चाळवजा खोल्यांत आणि ब्लॅकपल्लीच्या दाट गल्ल्यांत राहणाऱ्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचा भरणा मोठा होता. प्लेग १८९८ साली आला तेव्हा अशा वस्त्यांचे हाल सर्वाधिक झाले. परंतु गावच्या जमीनदाराची वेठ येथे नव्हती, पगार हातात पडत होता, आणि मिशनच्या शाळेत मुलाला घालता येत होते. थोडीफार इंग्रजी कानांवर पडतच होती. पुढे रेल्वे आली, १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली टेलिफोनचा. हे दोन्ही कारखाने शहराच्या पूर्वेस, छावणीच्या अंगाला आहेत. यंत्रावर काम करावयास तयार असलेला तमिळ कामगार तेथून जवळच राहत होता. पेठेतल्या मराठी घरात मात्र सरकारी नोकरीची आस सुटली नव्हती. म्हैसूर सरकारने नेमलेल्या १९१८च्या मिलर समितीनंतर ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत वाव मिळू लागला, आणि म्हैसूरची प्रजा असलेल्या मराठ्यांना त्या दारातून आत जाण्याची आशा उत्पन्न झाली. छावणीचा कारभार या धोरणाच्या कक्षेबाहेर होता.

१९०१च्या शिरगणतीत छावणीची लोकसंख्या ८९,५९९ भरली आणि मूळ शहराची ६९,४४७. दंडु पेठेहून मोठी झाली होती, आणि तिच्यात तमिळ बोलणारांचा समूह सर्वांत मोठा होता. आपल्याच भाषेची दुकाने, देवळे, चर्चे आणि शाळा असलेल्या तमिळ माणसाला कानडी शिकण्याची निकड भासली नाही. त्याचे वरिष्ठ इंग्रजी बोलत, शेजारी तमिळ किंवा उर्दू बोलत. म्हैसूरच्या महाराजांची राजधानी पन्नास-साठ कोसांवर होती, पण त्यांचे राज्य मात्र कब्बन पार्कच्या पलीकडेच सुरू होत असे. तो बंगळुरात राहत होता खरा, म्हैसूर राज्यात मात्र राहत नव्हता.

ही सीमा १९४७ साली पुसली गेली आणि १९४९ साली दोन्ही नगरपालिका एक झाल्या. तमिळांचा खरा कसोटीचा काळ येथून सुरू झाला. १९५६ साली भाषेवर राज्य उभे राहिले, आणि आपल्याच राजधानीत कानडीची गळचेपी होते ही कानडी माणसाची तक्रार पुढे आली. ती खोटी नव्हती. १९६०नंतर शहरात तमिळ चित्रपट कानडी चित्रपटांना मागे सारीत होते. पण त्या रागाचा भार पडला तो हातावर पोट असलेल्यांवर. कावेरीच्या पाणीतंट्यात अंतरिम निवाडा जाहीर झाल्यावर डिसेंबर १९९१मध्ये दंगली झाल्या, तेव्हा मजुरांच्या झोपड्या जळाल्या आणि कितीतरी तमिळ कुटुंबे शहर सोडून गेली. त्याच वर्षी हलसूरच्या तळ्याजवळ उभारलेला तिरुवळ्ळुवरांचा पुतळा पुढे अठरा वर्षे झाकलेला राहिला. तो ९ ऑगस्ट २००९ रोजी उघडण्यात आला, आणि त्याच आठवड्यात कानडी संतकवी सर्वज्ञांचा पुतळा चेन्नईत बसविण्यात आला.

हा राग तमिळ रक्तावर होता म्हणावे, तर तिगळांचे काय? तिगळ हा माळीकाम करणारा समाज मूळचा तमिळ मुलखातला मानला जातो. तो छावणीच्या कितीतरी आधी येऊन पेठेत राहिला. बंगळूरचा सर्वांत मोठा उत्सव जो करग, तो याच तिगळांचा. धर्मरायाच्या देवळातून चैत्री पौर्णिमेच्या रात्री निघणारा करग मस्तानसाहेबांच्या दर्ग्यावरून जातो आणि सारे शहर त्याच्या वाटेवर उभे राहते. त्याला कोणी परक्यांचा उत्सव म्हणत नाही. मराठ्यांच्या बाबतीतही हेच दिसते. नोव्हेंबर २०२०मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास प्राधिकरण काढण्याचे जाहीर केले, तेव्हा कानडी संघटनांनी डिसेंबरात बंद पुकारला. त्यावर सरकारचा खुलासा असा होता की हे प्राधिकरण कर्नाटकात शतकानुशतके राहिलेल्या मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नव्हे. तो समाज कर्नाटकाचा, पण ती भाषा बेळगावच्या वादातली, अशी ही विभागणी होती. बंगळूरच्या मराठ्याला घरपण मिळाले ते भाषेची किंमत देऊन. तमिळाने ती किंमत दिली नाही, कारण दीडशे वर्षे ती त्याच्याकडे कोणी मागितलीच नव्हती; आणि मागितली तेव्हा एकदम, व्याजासकट मागितली.

गंमत अशी की जुन्या ब्लॅकपल्लीला स्वातंत्र्यानंतर नाव मिळाले ते शिवाजीनगर. शहाजीराजांचे वास्तव्य पेठेच्या बाजूस होते. महाराजांचे नाव लागले ते तमिळ आणि उर्दू बोलणाऱ्या छावणीच्या बाजाराला.

दोन्ही नगरपालिका एक झाल्यानंतर वर्षभराने, १९५० साली, याच शहरात पोलिसात चाकरी करणाऱ्या एका मराठी माणसाच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव शिवाजीराव गायकवाड. तो गविपूरच्या कानडी शाळेत शिकला आणि शहराच्या बसमध्ये कंडक्टर झाला. पुढे तो मद्रासेस अभिनय शिकावयास गेला. १९७५ साली दिग्दर्शक बालचंदर यांनी त्याला रजनीकांत या नावाने तमिळ पडद्यावर आणले, आणि तमिळ जनतेने त्याला डोक्यावर घेतले. तो राजकारणात उतरणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा मात्र तो तमिळ आहे काय, असा प्रश्न तेथेही निघालाच. मे २०१७मध्ये आपल्या चाहत्यांपुढे त्याने त्याचे उत्तर दिले. त्यात त्याने वर्षांचा हिशेब मांडला: तेवीस कर्नाटकात, चव्वेचाळीस तमिळनाडूत.