मागच्या तारखेचा कर

१/ रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असतानाची ही गोष्ट. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला, तर विक्रीकर कोणाचा?

२/ मुंबई राज्याच्या खटल्यात १९५३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले : माल जिथे वापरला जाईल, त्या राज्याचा. ६ सप्टेंबर १९५५ रोजी, बेंगाल इम्युनिटी खटल्यात, त्याच न्यायालयाने मत फिरवले : संसदेने मुभा देईपर्यंत असा कर कोणत्याही राज्याला लावता येणार नाही.

३/ राज्यांच्या तिजोऱ्या धास्तावल्या. १९५६ साली केंद्राने आधी अध्यादेश, मग कायदा करून १ एप्रिल १९५१ ते निकालाच्या दिवसापर्यंतची आकारणी वैध ठरवली.

४/ ज्याने गिऱ्हाइकाकडून कर घेतलाच नव्हता, त्याने तो आता कोठून भरावा? मद्रासचे सूत-व्यापारी न्यायालयात गेले आणि १९५८ साली हरले. संसदेला बंदी मागच्या तारखेपासूनही उठवता येते, असे ठरले.

५/ २०१२ साली व्होडाफोन खटला जिंकली. त्याच वर्षी सरकारने कायदा थेट १९६२ पासून बदलला. २०२१ साली संसदेनेच ती करमागणी सोडून दिली. अधिकार न्यायालयाने मान्य केला होता. त्याच्या वापराची मर्यादा मात्र संसदेला स्वतःच आखावी लागली.