भूमिगत कोळसाखाणींतील डीझेल यंत्रांचे नियमन

भूमिगत कोळसाखाणीत माल व माणसे यांच्या वाहतुकीसाठी वापरावयाच्या डीझेल यंत्रांवरील निर्बंध दोन धोक्यांतून उद्‌भवले : स्फोट व धूर. पहिल्याची दखल प्रथमपासून घेण्यात आली. दुसऱ्याचे गांभीर्य फार उशिरा ध्यानात आले.

हवेत मिथेनाचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाल्यास मिश्रण स्फोटक बनते. त्यामुळे अशा खाणीतील डीझेल एंजिनाच्या निष्कास मार्गात ज्वालारोधक बसवितात, बाहेर पडणारे वायू पाण्यातून नेऊन थंड करतात आणि पृष्ठभागाचे तापमान मर्यादित ठेवतात.

भारतात १९५२ च्या खाण अधिनियमाखाली १९५७ मध्ये कोळसाखाण विनियम झाले. त्यांनुसार मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीवाचून भूमिगत लोकोमोटिव्ह वापरता येत नसे. परतीच्या हवेत दह्य वायूचे प्रमाण ०·७५ टक्क्यापेक्षा व अन्यत्र १·२५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, तसेच सर्वांत मोठ्या पाळीतील प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घ.मी. किंवा दैनिक उत्पादनाच्या दर टनामागे २·५ घ.मी. यांपैकी अधिक असेल तेवढी हवा पुरवावी, असे बंधन होते. हे माप माणसे व कोळसा यांवर बेतलेले होते. एंजिनाच्या अश्वशक्तीचा त्यात विचार नव्हता. २०१७ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

महाराष्ट्रातील कोळसा मुख्यतः वर्धा खोऱ्यात (चंद्रपूर, बल्लारपूर, वणी) आणि नागपूरजवळच्या कामठी क्षेत्रात सापडतो. राष्ट्रीयीकरणानंतर (१९७३) येथील बहुतेक खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्‌स लि. या कंपनीकडे आल्या. येथील भूमिगत खाणींत यांत्रिकीकरण प्रामुख्याने विजेवरील भरणीयंत्रे व वाहक पट्टे यांच्या साहाय्याने झाले. विजेच्या यंत्राला केबलचे बंधन असते, पण ते हवा दूषित करीत नाही. डीझेल यंत्र मोकळे फिरते, मात्र त्याचा धूर पातळ करण्यासाठी जादा हवा खेळवावी लागते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीझेलचा धूर १९८८ मध्ये ‘संभाव्य’ आणि २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरविला. या निर्णयास अमेरिकेतील आठ अधातू खाणींच्या १२,३१५ कामगारांच्या अभ्यासाचा मोठा आधार मिळाला. तेथे कोळसाखाणींतील डीझेल यंत्रांच्या काजळीवर २००१ मध्येच मर्यादा घालण्यात आली होती. ती हवेतील प्रमाणावर नसून यंत्रातून बाहेर पडणाऱ्या काजळीवर होती. याचे कारण असे की, कोळशाची धूळ व काजळी या दोहोंत कार्बनच असल्याने खाणीतील हवेत त्या वेगळ्या मोजणे अवघड जाते. मिथेनाचा इशारा उपकरण तत्काळ देते. काजळीचा परिणाम कामगाराच्या फुप्फुसात अनेक वर्षांनी प्रकट होतो. म्हणूनच तिचे नियंत्रण यंत्र खाणीत उतरविण्यापूर्वीच करावे लागते.