भयकथेचा नायक

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापाशीं तिन्हीसांजेला उभें राहिलें, कीं भयकथेला लागणारें सारें साहित्य एके ठिकाणीं सांपडतें. जुनी तटबंदी, खंदक, शेजारीं सिद्धेश्वर तलावाचें काळवंडत जाणारें पाणी. परंतु एवढ्यानें कथा होत नाहीं. त्या अंधारांत कोणीं तरी पाऊल टाकावें लागतें. आणि परतीची वाट मोकळी असतांहि तो मागें कां फिरत नाहीं, हें श्रोत्यांना पटावें लागतें. भयकथेच्या नायकाची खरी परीक्षा येथेंच होते.

या परीक्षेस उतरलेला एक फार जुना नायक महाराष्ट्रांतलाच, गोदावरीकांठचा आहे. काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत ‘कथासरित्सागर’ रचला. त्यांतील वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. पुढें हाच राजा विक्रम या नांवानें घरोघर पोंचला. मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० सालीं निघाली.

सोमदेवाच्या कथेंत एक भिक्षु राजाला नित्य एक फळ देतो. फळांच्या पोटीं रत्नें निघतात; राजा उपकारबद्ध होतो आणि साहाय्याचें वचन देतो. त्या वचनापायीं तो वद्य चतुर्दशीच्या रात्रीं स्मशानांत जातो व झाडाला लटकणारें प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतांतला वेताळ वाटेनें गोष्ट सांगतो आणि शेवटीं प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर मस्तक फुटावयाचें. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जावयाचा.

येथें राजाची तलवार निरुपयोगी आहे. त्याला स्मशानांत आणलें तें त्याच्या सत्यवचनानें, आणि तेथें खिळवून ठेवलें तें त्याच्या शहाणपणानें. नायकाचे गुणच त्याचा सांपळा व्हावेत, हें या कथेचें मर्म होय. अखेरच्या प्रश्नाचें उत्तर त्याला सुचत नाहीं. तो निरुत्तर होतो, आणि तेव्हांच वाट सुटते. प्रसन्न झालेला वेताळ सांगतो, कीं भिक्षूला राजाचाच बळी द्यावयाचा आहे. ज्याचें भय वाटत होतें तो तारक ठरतो, आणि ज्याला शब्द दिला तोच घातकी निघतो.

ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरींतला जोनाथन हार्कर हा वकिलीच्या कामानें, घरखरेदीचे कागद घेऊन, परदेशीं जातो. राजाला वचन, तसें त्याला कर्तव्य. मराठींत नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं दुष्ट शक्तींना नमविणारा ‘समर्थ’ निर्माण केला. पण समर्थ बलवान आहे, म्हणून भय त्याचें नव्हे, त्याच्याकडे धांव घेणाऱ्या साध्यासुध्या माणसांचें असतें. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ चित्रपटांतल्या विनायकाला तर कोणाचेंच वचन नाहीं. सुटका झालेली असतांहि लोभ त्याला त्याच वाड्यांत परत आणतो.

वचन, कर्तव्य, लोभ: बंध निराळे, पण प्रत्येक बंध नायकाच्या स्वतःच्या स्वभावांतून निघालेला. तो बंध नसेल, तर किल्ल्याचा अंधार कितीहि गडद असो, नायक घरीं जाऊन दिवा लावील आणि कथा तेथेंच संपेल.