लिनक्स इन्स्टॉल करताना कोणता बूट पर्याय निवडायचा?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि जुन्या लॅपटॉपमध्ये ते बऱ्याचदा नसतं. अमरावती-अकोल्यात कॉलेजसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा फुकटचा आणि चांगला मार्ग आहे. पण पेनड्राइव्ह लावला की समोर चार-पाच पर्याय येतात आणि तिथेच गाडी अडते. चला, एकेक पाहूया.

बूट म्हणजे काय?

मशीन सुरू होताना सिस्टीम कुठून उचलायची हे ठरतं, त्याला बूट होणं म्हणतात. फोनमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण धरून रिकव्हरी मोड उघडतो ना, तसंच हे. अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे.

आधी हे करा

- महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा. ज्या पेनड्राइव्हवर लिनक्स टाकणार, त्यावर नाही. तो पूर्ण पुसला जातो.
- विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.
- चार्जर लावा आणि बॅटरीही चार्ज ठेवा. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी खराब असेल तर इन्व्हर्टरवर काम करा.

पहिली स्क्रीन: कुठून बूट करायचं?

लॅपटॉप सुरू होताच बूट मेनूचं बटण पटापट दाबा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक मॉडेल्सवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण काही मॉडेल्समध्ये ते आधी बायोसमधून चालू करावं लागतं.

इथे एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो: एकदा नावापुढे 'यूईएफआय' लिहिलेला, एकदा साधा. विंडोज ज्या पद्धतीने टाकलंय, तीच पद्धत निवडा. ती कशी कळेल? विंडोजच्या सर्चमध्ये 'एमएसइन्फो३२' इंग्रजीत टाइप करा आणि 'बायोस मोड'ची ओळ पाहा. दोन्ही पद्धती मिसळल्या, तर पुढे विंडोज लिनक्सच्या मेनूत दिसत नाही.

सिक्युअर बूट बंद करायची घाई नको. उबुंटू आणि मिंट ते चालू असतानाही चालतात.

दुसरी स्क्रीन: लिनक्स कसं सुरू करायचं?

मिंटमध्ये साधारण हे पर्याय दिसतात:

१. स्टार्ट लिनक्स मिंट: नेहमी हाच आधी निवडा. सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, टचपॅड सगळं चालतंय का, ते इथेच तपासा.

२. कम्पॅटिबिलिटी मोड: स्क्रीन काळी पडली किंवा अडकली तर हा. उबुंटूत याला 'सेफ ग्राफिक्स' म्हणतात. बहुतेक वेळा अडचण ग्राफिक्स कार्डाची असते.

३. ओईएम इन्स्टॉल: लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदारासाठी. गिऱ्हाईक नाव-पासवर्ड नंतर स्वतः टाकतं. स्वतःसाठी हा नको.

४. मेमरी टेस्ट: लॅपटॉप वारंवार अडकत असेल, तर रॅम तपासायला.

तिसरी स्क्रीन: इथे खरा धोका

आतापर्यंत काही चुकलं तरी रीस्टार्ट करून परत निवडता येतं. पण 'इन्स्टॉल' दाबल्यावर येणाऱ्या डिस्कच्या स्क्रीनवर तसं नाही.

- इन्स्टॉल अलाँगसाइड: विंडोज राहतं, शेजारी लिनक्स येतं.
- इरेझ डिस्क: त्या डिस्कवरचं सगळं जातं. विंडोज, फोटो, सेमिस्टरचा प्रोजेक्ट, सगळं. डी ड्राइव्हसुद्धा, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतात.
- समथिंग एल्स: पार्टिशन स्वतः करायचे. माहिती असेल तरच.

'अलाँगसाइड' दिसतच नसेल, तर 'इरेझ' दाबू नका. बाहेर पडा, पेनड्राइव्ह योग्य मोडमध्ये बूट झालाय का ते आधी पाहा. शंका आली तर स्क्रीनचा फोटो काढून जाणकाराला पाठवा. दहा मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही.

झाल्यावर

रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा मेनू येतो. त्यात लिनक्स किंवा विंडोज निवडा. थेट विंडोजच उघडलं तर घाबरू नका. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये लिनक्स वर आणा.

मराठीतून वापरायचं असेल, तर सी-डॅकचं डेबियनवर आधारित 'बॉस लिनक्स'ही आहे. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा मिळतात. पर्यायांची नावं थोडी वेगळी दिसतील, पण नियम तोच: डिस्क पुसणारा पर्याय दाबण्याआधी दोनदा वाचा.