दादा कोंडके यांचे विनोदी चित्रपट : एकच पडदा, अनेक मते

मराठी विनोदी चित्रपटाचा विषय निघाला आणि त्यात दादा कोंडके यांचे नाव आले की बैठकीत दोन तट पडतात. नांदेड, लातूरही याला अपवाद नाही. एका पिढीला दादांचे चित्रपट म्हणजे जत्रेतील तंबू, बैलगाडीचा प्रवास आणि पोट धरून हसण्याची रात्र आठवते. दुसऱ्या पिढीला याच चित्रपटांची नावे घरात मोठ्याने उच्चारणेही अवघड वाटते. दादांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला, पण हा वाद मिटलेला नाही. तो केवळ आवडी-निवडीचा नसून, कोणाच्या हसण्याला प्रतिष्ठा द्यायची आणि त्या हसण्याची किंमत कोण मोजतो, असा आहे. म्हणूनच या मतभेदांची मुळे तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

गिरणगावातून पडद्यावर

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या गिरणगावात, गिरणी कामगाराच्या कुटुंबात झाला. बँडपथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि लोकनाट्य अशा वाटेने ते रंगभूमीवर आले. वसंत सबनीस यांनी लिहिलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटातून त्यांनी पडद्यावर पदार्पण केले. पाठोपाठ १९७१ मध्ये स्वतःची निर्मिती असलेला ‘सोंगाड्या’ आला. गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे लेखन सबनीसांचेच होते. मुंबईत त्याला चित्रपटगृह मिळण्यावरून वाद झाला, शिवसेनेने त्यात हस्तक्षेप केला, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) आणि ‘आली अंगावर’ (१९८२) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. पंचवीस आठवडे चालणारे सलग नऊ चित्रपट देण्याच्या विक्रमासाठी त्यांचे नाव गिनीज बुकात घेतले गेले. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील प्रेक्षक

हे चित्रपट मराठवाड्यात पोहोचले तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग बनला. ‘सोंगाड्या’ आला तेव्हा या गोष्टीला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा झाला. पक्की चित्रपटगृहे होती ती मोठ्या गावांत. उरलेल्या खेड्यांना सिनेमा भेटायचा तो फिरत्या टुरिंग टॉकीजमधून आणि यात्रांमधून.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही घोडे, गाढवे आणि गुरांच्या बाजारासाठी जशी प्रसिद्ध आहे, तशीच तमाशाच्या फडांसाठीही. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. ज्या प्रेक्षकाने यात्रेतील कनातीत गण, गवळण, बतावणी आणि वग पाहिला होता, त्याला ‘सोंगाड्या’ हे नाव समजावून सांगावे लागत नव्हते. शाहिराला आणि राजाला प्रतिप्रश्न करणारा, बावळटपणाचे सोंग घेऊन शहाण्यांची फजिती करणारा हा गडी त्याच्या परिचयाचा होता. तोच आता पडद्यावर आला, एवढाच फरक.

येथील भाषेची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू. उदगीर, निलंग्याकडे कन्नड. आणि सर्वत्र दखनी-उर्दूचा वावर. दादांची गावरान बोली मराठवाड्याची नव्हे. ती पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची होती. तरीही पुस्तकी मराठीपेक्षा ती येथील प्रेक्षकाला अधिक जवळची वाटली. पडद्यावरचा नायक ‘शुद्ध’ न बोलताही नायक असू शकतो, ही गोष्टच तेव्हा नवी आणि सुखावणारी होती.

बाजूने आणि विरोधात

दादांच्या चाहत्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अर्ध्या चड्डीतला, लोंबत्या नाडीचा हा नायक गरीब आहे, भोळा आहे, आईवेडा आहे. रत्नमाला यांनी साकारलेली आई आणि दादांचा लेक हे नाते त्या चित्रपटांचा कणा आहे. शेवटी हरतात ते लबाड, मातब्बर आणि सत्तेचा माज असलेले लोक. त्यांतील द्वयर्थी बोलणे हे खेड्यातल्या रोजच्या बोलण्यासारखेच आहे. त्याला अश्लील म्हणणारे खेड्यालाच अश्लील म्हणतात. शिवाय मराठी भाषेत दुहेरी अर्थाची परंपरा जुनी आहे. मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथांनी भारुडांत विंचू, जोगवा, सासुरवास अशा साध्या प्रतिमांतून अध्यात्म सांगितले. तमाशाच्या सवाल-जवाबांचा तर तो प्राणच आहे.

विरोधकांचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. एकनाथांचा दुसरा अर्थ श्रोत्याला वर नेतो. दादांच्या अनेक विनोदांतील दुसरा अर्थ स्त्रीच्या शरीरापाशी येऊन थांबतो. उषा चव्हाण यांच्यासारखी ठसकेबाज अभिनेत्री समोर असूनही पुढच्या चित्रपटांत नायिकेला विनोदाचे निमित्त होण्यापलीकडे फारसे काम उरले नाही. शाळा-महाविद्यालयांच्या वाटेवर याच संवादांची आणि गाण्यांची शेरेबाजी ज्यांना ऐकावी लागली, त्या स्त्रियांना हा विनोद निरागस वाटला नाही, यात नवल नाही. हा आक्षेप केवळ पांढरपेशांचा सोवळेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण खेड्यातील स्त्रियाही त्याच वाटेने जात होत्या.

सगळे चित्रपट एका मापाचे नव्हेत

या वादात एक घोटाळा नेहमी होतो. दोन्ही बाजू ‘दादांचे चित्रपट’ असा सरसकट उल्लेख करतात. वास्तविक १९७१ ते १९७७ या काळातील चित्रपट आणि ऐंशीच्या दशकापासून पुढचे चित्रपट यांत मोठा फरक आहे. ‘सोंगाड्या’त तमाशाच्या वेडापायी आईचा रोष ओढवून घेणाऱ्या नाम्याची गोष्ट आहे. ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये खेडे आणि शहर यांच्यातील अंतर आहे, या चित्रपटाचा आधार घेऊन २००० मध्ये गोविंदाचा ‘जिस देश में गंगा रहता है’ हा हिंदी चित्रपट आला. ‘पांडू हवालदार’मध्ये दादा आणि अशोक सराफ यांच्या जोडीने खाकी वर्दीतील माणूस दाखवला. या चित्रपटांत विनोद कथेच्या पोटातून येतो.

पुढे मात्र शीर्षकापासूनच द्वयर्थाची जाहिरात सुरू झाली. १९८६ च्या ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ या हिंदी चित्रपटाचे नाव त्याचे ठळक उदाहरण. कथा विरळ आणि शाब्दिक कोट्या दाट, असे त्याचे स्वरूप झाले. त्यामुळे एका प्रेक्षकाच्या मनात ‘सोंगाड्या’ असतो, दुसऱ्याच्या मनात नव्वदीतील ‘येऊ का घरात’ असतो आणि दोघेही एकाच माणसाविषयी बोलत आहोत असे समजतात.

मतभेदाचे खरे कारण

मतभेदाचे आणखी एक कारण विनोद सादर होण्याच्या जागेत दडलेले आहे. तमाशातील बतावणी लिहून ठेवलेली नसते. समोर कोण बसले आहे, हे पाहून सोंगाड्या शब्द बदलतो. पुढे बायका-मुले दिसली की तो आवरते घेतो. रात्र चढली आणि गडीमाणसेच उरली की मोकळा सुटतो. ‘विच्छा’च्या प्रयोगांतही ताज्या घटनांवर आयत्या वेळी घेतलेल्या फिरक्या हे दादांचे बलस्थान होते. चित्रपटाची फीत मात्र असे काही करू शकत नाही. एकदा म्हटलेला संवाद सर्वांपुढे, सर्व काळ तसाच राहतो.

तंबूत अनेक ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष वेगळे बसत. त्या अंधारात कोण कशाला हसले, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. दूरचित्रवाणीमुळे तोच चित्रपट बैठकीच्या खोलीत आला. सासरा, सून आणि नातवंडे एकत्र बसली आणि तोच संवाद अडचणीचा झाला. आज शिक्षणासाठी लातूरला आलेला वसतिगृहातील विद्यार्थी भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांचा तुकडा एकटाच पाहतो. त्याच्यापर्यंत कोटी पोहोचते, कथा आणि आई पोहोचत नाही. एकाच चित्रपटाविषयी आजोबा, सून आणि नातू यांची मते वेगळी असतात, कारण त्यांनी तो एकाच ठिकाणी पाहिलेलाच नसतो.

प्रमाणपत्राच्या व्यवस्थेनेही गोंधळात भर घातली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार दादांच्या ऐन बहराच्या काळात सामान्य प्रेक्षकांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. पालकांच्या मार्गदर्शनाचा ‘यूए’ हा मधला वर्ग १९८३ मध्ये आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट पाडले. शब्दाचा सरळ अर्थ निर्दोष आणि सूचित अर्थ सदोष, अशा संवादाला दोनपैकी कोणत्या कप्प्यात टाकायचे, हा पेच सेन्सॉर मंडळालाही होता. दादांच्या मंडळाशी झालेल्या खटक्यांच्या गोष्टी त्यामुळेच लोकप्रिय झाल्या.

पुढची पिढी

मराठवाड्याने पुढे स्वतःचे विनोदी अभिनेतेही दिले. मकरंद अनासपुरे यांनी ‘कायद्याचं बोला’ (२००५), ‘दे धक्का’ (२००८) यांसारख्या चित्रपटांतून येथील बोलीचा हेल पडद्यावर नेला. त्यावर मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. आपली बोली पडद्यावर आली याचा अभिमान बाळगायचा, की ती फक्त हसण्यासाठीच येते याचे वाईट वाटून घ्यायचे? लातूरच्या बाभळगावच्या देशमुख कुटुंबातील रितेश देशमुख यांनी ‘मस्ती’ (२००४) आणि ‘क्या कूल हैं हम’ (२००५) या हिंदी चित्रपटांत भूमिका केल्या. त्यांतील विनोद दादांपेक्षा सोवळा नव्हता. पण तो चकचकीत वस्त्रांत, शहरी घरांत घडत होता. दादांना नाके मुरडणाऱ्या वर्गातील अनेकांनी तो चित्रपटगृहात बसून पाहिला. याच रितेश यांनी पुढे किशोरवयीन मुलांच्या लैंगिक कुतूहलावरील ‘बालक-पालक’ या मराठी चित्रपटाची निर्मिती केली. जो विषय चेष्टेत येतो, तोच समजूतदारपणेही मांडता येतो, हे त्यातून दिसले. दादांना आदरांजली म्हणून २०२१ मध्ये ‘पांडू’ हा चित्रपटही आला.

काय राखावे?

तात्पर्य, दादांचे चित्रपट सरसकट डोक्यावर घेणे जसे भाबडेपणाचे, तसेच सरसकट टाकून देणे अन्यायाचे. ज्या काळात खेड्यातील माणूस मराठी पडद्यावर बहुधा पाटील, सावकार किंवा गरीब बिचारा म्हणून येत होता, त्या काळात त्याला स्वतःच्या बळावर तिकीटबारी भरून टाकणारा नायक दादांनी दिला. हे त्यांचे ऋण मान्य करूनही, ज्या विनोदाची किंमत वाटेवरच्या मुलीने मोजली तो विनोद आज पुन्हा तसाच सांगितला जाऊ नये, असे म्हणता येते.

ज्यांना दादा कोंडके केवळ ऐकीव माहितीतून ठाऊक आहेत, त्यांनी ‘सोंगाड्या’ किंवा ‘एकटा जीव सदाशिव’ पूर्ण पाहावा, आणि शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्यांसोबत पाहावा. वडीलधाऱ्यांनीही शेजारी बसलेली नात कुठे हसते आणि कुठे गप्प होते, तिकडे थोडे लक्ष द्यावे. चित्रपट संपल्यावर होणारी चर्चा कदाचित चित्रपटाइतकीच रंगेल.